तुझे बावन्न, माझे चोवीस

मिरजेत गुरुवारची दुपारची ओपीडी,
पंख्याखालचा बाक.
माझी सांगली-तासगाव सुटायला अजून तीन तास.
शेजारी तू, सन्मती मगदूम, इयत्ता नववी,
डोकावलास माझ्या वहीत.
‘मावशी, तुमचे दिवसाला चोवीस?
माझे बावन्न.’
मग आईला ऐकू जाऊ नये असं, हळू:
‘म्हंजे माझा जास्त वाईट हाय का?’

नऊ वर्षं मी लोकांना एकच सांगत आले,
टप्प्याला टप्प्याचे पैसे.
कवलापूर सरपंचाला जेवढं, तेवढंच हमालाला.
अंगाच्या एसटीत असला दरफलक
कुणी लावलेला नाही, बाळा.

तुला मिसरूड फुटतंय.
आवाज मधेच फाटतो, चप्पल चार महिन्यांत आखूड.
जे हाडं ताणतं, तेच
इन्सुलिनला दारात अडवून धरतं;
आत शिरायला जास्तीची माणसं लागतात.
माझं वाढणं केव्हाच संपलं.
मी उभी असते. पुढच्या दारापासून मागच्या शीटपर्यंत
माणसांतून वाट काढत दिवसभर,
ते चालणं धरून चोवीस.
रजेला लोळले की अठ्ठावीस.
पाळीच्या आधीचे चार दिवस तीस.
आणि एकदा कॅश एकशेबारा रुपयांनी कमी भरली,
त्या रात्री घास उतरला नाही,
तरी साखर अडीचशे.

तुमच्यात दिवस मावळायच्या आत ताटं होतात.
माझं जेवण डेपोत, साडेदहाला, गार भाकरी.
माझं घड्याळ तुझ्या सुईला काय कामाचं?

बारा वर्षांची होते मी.
सुया सुरू होऊन दोन महिने झाले
आणि डोस उतरत उतरत चारवर आला.
अण्णांनी गल्लीत पेढे वाटले,
मला सोडून सगळ्यांना.
‘वैजयंता बरी झाली.’
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सुई बंद करायची नाही हं.
आत काही पेशी उरल्यात, त्या राबतायत.
कुणाच्यात महिनाभर राबतात, कुणाच्यात दोन वर्षं,
कुणाच्यात एखादी कोपऱ्यात तशीच, म्हातारपणापर्यंत.
माझ्यातल्या दिवाळीपर्यंत.
भाऊबीजेला मी अठरावर
आणि अण्णा देवाशी बोलेनात.

वाईट-बरं त्या आकड्यात नसतं रे.
थांब. शर्ट वर कर जरा.
रोज इथंच टोचतोस?
‘तिथं दुखत न्हाई.’
दुखणार कसं, गाठ झालीय सुपारीएवढी!
बावन्नातले किती त्या गाठीतच मुक्कामाला राहतात
कुणाला ठाऊक.
जागा बदल. पण आधी आत दाखव;
नव्या जागी तेच बावन्न गेले
तर वर्गात कोसळशील, फळ्यासमोर.

‘मगदूम!’

तू गेलास शर्ट खोचत.
तुझी आई सरकून जवळ आली,
पिशवीतून गूळपापडीचा डबा काढला,
मग काय आठवलं, परत ठेवला.
‘तुमचं कमी कसं वं? काय पाळता?’
मी म्हटलं, काही नाही, मी फक्त चौतीस वर्षांची आहे.
त्या हसल्या नाहीत.
मलाही पुढं सुचलं नाही.
बिल्ल्याला उगाच रुमालानं पुसत बसले.

वीस मिनिटांनी तू आलास,
वहीच्या नव्या पानावर डॉक्टरांचं अक्षर.
‘सेहेचाळीस,’ म्हणालास.
दोन पावलं पुढे गेलास, वळलास.
‘सध्या.’

तुझी आई खिडकीतून
ऊन किती उरलंय ते बघत होती.