मोदीनचं बेट

तंबोऱ्याला नाकारलेला भोपळा होता तो.
एका कुशीला टेंगूळ,
वेलावर असतानाच दगडाला टेकून आलेलं.
बापानं, म्हणजे मोदीन शिकलगारानं,
तो मिरजेच्या कारखान्यात फळीवर उलटा ठेवला होता,
विकायचा नाही, फेकायचाही नाही.

मग सांगलीहून सायकल मारत बोडस मास्तर आले.
शाळेला पृथ्वी हवी होती.
पुण्याच्या दुकानात ती बेचाळीस रुपयांना,
शाळेकडं अकरा.

मी सरसाचं भांडं धरून उभा, नऊ वर्षांचा.
मास्तरांजवळ रद्दीत सापडलेला नकाशा,
बोटी शिडांवर चालायच्या त्या दिवसांतला.
तो उतरून काढून त्यांनी बारा पट्ट्या कापल्या,
आंब्याच्या पानांसारख्या, दोन्हीकडं निमुळत्या,
आणि देठापाशी त्यांची टोकं जुळवली.
'देठ म्हणजे उत्तर ध्रुव.'
'देठ म्हणजे देठ,' बाप म्हणाला, 'इथं दांडी बसते.'

एका मुलखाचा किनारा मध्येच थांबला होता.
पुढं नुसता कागद.
'शाई संपली काय?' मी विचारलं.
'धीर संपला,' मास्तर म्हणाले,
'गोडं पाणी संपलं, गलबत माघारी वळलं.
जेवढं पाहिलं तेवढंच काढलं त्यांनी.'
'तिथल्या माणसांना तर ठाऊक असंल की,
पुढं काय हाय ते?'
मास्तरांनी चष्मा पुसला.
'त्यांना कुणी विचारलं नाही.'

बापाला मोकळी जागा पटली.
जवारी काढताना तोही असाच
कानस उचलून बसून राहायचा,
पुढचं ऐकू येईस्तोवर.

टेंगूळ मात्र ऐन समुद्रात आलं.
'एवढं घासून टाका, मोदीनभाई.'
'घासलं तर पातळ होईल. पातळ झालं तर बोलणार नाही.'
'पण याला बोलायचं कुठंय?'
'भोपळ्याला विचारलंत?'

म्हणून ते राहिलं.
निळ्या रंगातून वर आलेलं, बिननावाचं,
आणि पोरांनी पहिल्याच आठवड्यात त्याला नाव दिलं.
तपासणीला साहेब आले, छडी ठेवली त्यावर:
'हे कोणतं बेट?'
चाळीस तोंडं एकदम: 'मोदीनचं बेट, साहेब!'
बोडस मास्तर खिडकीतून आयर्विन पुलाकडं बघत राहिले.
साहेबांनी छडी आपटली, रागानंच,
तर पृथ्वी घुमली.
खालचा सा. अगदी स्वच्छ.
साहेब थोडा वेळ काही बोलले नाहीत.
शेऱ्यात एवढंच लिहिलं:
भूगोल बरा आहे.

हे सगळं आता आठवायचं कारण,
त्या श्रावणात कृष्णा शाळेत शिरली.
बाकं, हजेऱ्या, कपाटं बुडाली;
भोपळा कशाला बुडेल?
आमच्यात पूर्वी पोहायला शिकवायचे
तेच पाठीला बांधून.
आठव्या दिवशी शिपाई भूपाल चौगुलेचा फोन आला:
'हरिपूरला या, चाचा.
पेवांच्या पलीकडं, बाभळीत
तुमची पृथ्वी अडकलीया.'

कागद गेला होता.
सगळे देश, सगळी नावं,
तो अर्धवट किनारा आणि त्यापुढची मोकळी जागा,
मास्तरांच्या अक्षरातला हिंदी महासागर,
सुईच्या टोकाएवढी मिरज.
उघडा, मातकट भोपळा
आणि त्याच्या कुशीला टेंगूळ, जसंच्या तसं.

तीन आठवडे सावलीत वाळवला.
रोज एक टिचकी.
आधी ओल्या भाकरीसारखा आवाज,
मग हळूहळू आतून कुणीतरी उठून बसल्यासारखा.

भूपाल म्हणतो, 'नवा नकाशा छापून आणू का,
मोबाइलवर फुकट मिळतो.'
आणशील रे.
थांब जरा.
मी डोळे मिटून भोपळा मांडीवर फिरवतो,
पाणी, पाणी, पाणी,
आणि बोट टेंगळाला लागतं.