सामान्यरूप

पाच आठवडे झाले, तिला नुसतंच 'मुलगी' म्हणतात.
मुलगी झोपली. मुलीचे मोजे कुठायत.
बाप्तिस्म्याआधी नाव फोडायचं नाही,
अशी आइसलँडच्या त्या घरातली रीत.
तोवर ते आईबापांच्या गालात,
चावायची नाही अशा खडीसाखरेसारखं.

स्टाइनवरला ते सापडलं धक्क्यावरच्या गोदामात,
कॉड खारवायच्या पिंपांमागे, होडीच्या एका फळीवर.
बाकीची होडी कधीच सरपण झाली होती.
फळीवरही शेपूटच उरलेलं: ग्लाइवा.
डोकं तिने जुन्या कथांत शोधलं.
समुद्राला नऊ मुली, नऊही लाटा,
एक गारठलेली, एकीचे केस रक्ताळ,
आणि ही. हिमिंग्लाइवा.

आपल्या कानाला त्यात बर्फ ऐकू येतं.
पण तिकडे हिमिन् म्हणजे आभाळ.
जिच्या आरपार आभाळ दिसतं, ती लाट.

नोंदणीच्या बाईंनी फोनवर एवढंच विचारलं:
हे चालतं का विभक्तीत?
एयोल्फुर ओट्याशी उभा, हातात दुधाची बाटली,
म्हणाला, ही हिमिंग्लाइवा. हे बूट हिमिंग्लाइवूचे.
शेवटचा 'आ' जरा वाकतो,
जशी आपली शाळा, आत जायचं म्हटलं की 'शाळे' होते.
बाई म्हणाल्या, वाकतंय ना, मग झालं.

झालं नव्हतं.
आपल्याकडे नाव ठेवायचा मान आत्याचा,
तिथे आत्याला कुणी विचारलंही नव्हतं.
थोर्गेर्दुर, ट्रॉलरवर वीस वर्षं स्वयंपाकी,
बातमी ऐकून भावाच्या दारात उभी, बूटसुद्धा न काढता:
"आपला बाप कुठे आहे, ठाऊक आहे ना तुला?
त्या नऊ जणींतल्याच एकीकडे."

कुणी काही बोललं नाही.
किटली तेवढी वाजत राहिली.
मग स्टाइनवरने अर्थ सांगितला,
हळू, माफी मागितल्यासारखा.

थोर्गेर्दुर खाली बसली.
"ही मी पाहिलेय," म्हणाली. "खालून.
नऊ वर्षांची होते, धक्क्यावरून पाय घसरला.
सगळं हिरवं. बाटलीच्या काचेसारखं.
वर ढग अगदी स्पष्ट, एक कुत्रं वाकून भुंकतंय, आवाज नाही.
आणि बाबांचा हात आत येताना,
मोडलेल्या काठीसारखा वाकडा."
तिने कॉफी ढवळली. साखर घातलीच नव्हती.
"मी कुणाला सांगितलं नव्हतं, की तिथून छान दिसत होतं."

बाप्तिस्म्याला पाद्री अडखळला,
मागच्या बाकावरून आत्यानेच उच्चार सुधारला.
लोकरीचं झबलंही तिनेच विणलं.
नाव पुढच्या बाजूला मावेना,
निम्मं पाठीवर गेलं.

आता कडेवर घेतलं
की पुढून वाचता येतं नुसतं आभाळ.