सातवा टप्पा

पहिल्या वर्षी घड्याळच नव्हतं.
शाळेतून बुद्धिबळाचं आणलं, दोन तोंडांचं.
त्यात सेकंदकाटा नाही,
म्हणून एल्मार मास्तर मोठ्याने आकडे मोजत,
आणि मास्तरांना शिंक आली की एखादा सेकंद सांडायचा.
अशाच एका सांडलेल्या सेकंदावर, म्हणतात,
सामूहिक शेतीवरचा ट्रकवाला ऑस्कर कांगुर जिंकला.
ढाल म्हणून दुधाचा कॅन मिळाला,
बुडाला खिळ्याने कोरलेलं साल: चौसष्ट.
मी सहा वर्षांची. फाट्यावरच्या दूधकट्ट्यावर
पाय हलवत बसले होते, दातांत धूळ.

हे एस्टोनियाचं दक्षिण टोक.
इथे टेकडीला कौतुकाने डोंगर म्हणतात
आणि रस्त्याला सरळ जायची लाज वाटते.
पेट्रोल कापणीयंत्रांच्या नावावर यायचं;
एका शरदात, कागदोपत्री,
आम्ही एकच राईचं शेत तीनदा कापलं.

अठ्ठ्याहत्तरला धुक्यात तळं
वळणाच्या आधी आलं.
दोघे पोहत बाहेर आले, मॉस्कविच नाही आली.
अजूनही पाणी उतरलं की टप दिसतो,
आणि त्यावर एक बगळा,
जणू त्याचीच गाडी.

हेल्यू पेडास भावाच्या शेजारी बसायची,
मांडीवर मेणकापडाची वही.
सगळं वोरू बोलीत, पेन्सिलीने.
टाल्लिनहून आलेल्या पंचाने चाळून पाहिलं,
त्याला वाटलं लोणच्याची कृती आहे.
आणि वेल्लो तिच्या आवाजावर गाडी टाकायचा,
डोळ्यांवर नाही.
डोळे, म्हणायचा, उशिरा पोचतात.

मग देश परत मिळाला.
आम्ही रडलो, गायलो, झेंडे शिवले.
देशाबरोबर सीमाही आली,
तिचा विचार कुणी केला नव्हता.
सातवा टप्पा चौदा किलोमीटरचा.
नवव्यावर आता रंगवलेला खांब,
नांगरलेली पट्टी, कॅमेरा.
पलीकडे पाच किलोमीटर, दोन गावं,
आणि हेल्यूच्या मावशीचा ओटा,
जिथून ती दरवर्षी ओरडायची, हळू रे मेल्यांनो.

नकाशावर लाल पेनने रेघ मारली.
नियमपुस्तिकेत लिहिलं: टप्पा सात, नऊ किलोमीटर.
एवढंच लिहिलं.

आता उपग्रह मोजतो, शतांशापर्यंत.
वेल्लो गेला. हेल्यू ब्याऐंशीची,
सगळ्यांच्या मागून रस्ता मोकळा झाल्याचं सांगत येणाऱ्या
शेवटच्या गाडीत बसते; चालवतो भावाचा नातू, कास्पर.
खांबापाशी तो इंजिन बंद करतो.
ती चष्मा बदलते. वही उघडते.

उजवं, लांब, सोडू नको.
उंचवटा, पुढचं दिसत नाही, विश्वास ठेव.
साठ मीटर. पूल, अरुंद.
मावशीचा ओटा, लगेच डावं,
डावं म्हटलं ना—

कास्परचे हात चाकावर किंचित फिरतात.
मागच्या सीटवर मी, मास्तरांची जुनी विद्यार्थिनी,
गळ्यातलं घड्याळ दाबते.
गेल्या वर्षी तीन मिनिटं अकरा.
यंदा तीन चौतीस.

पूल ओला असणार, कास्पर म्हणतो.
मी वहीत तसंच लिहिते.