नटाला विचारून

खाजाभाईचं म्हणणं, धक्का मत मार,
पहले नटकू पूछ.
मी विचारतो.
रात्रभर डिझेल पाजून ठेवलंय त्याला,
तरी बारा नंबरचा पाना नुस्ता गोल फिरतो,
कोपरे झिजून नटाची सुपारी झालेली.
मग छिन्नी.

जालन्यात, औरंगाबाद रोडला, आमच्या भंगाराच्या आवारात
ही टाटा इस्टेट तीन वर्षं लिंबाखाली उभी होती
चार विटांवर.
दारं खालून अशी कुरतडलेली
की भाकरीला उंदीर लागावा.
खाजाभाई म्हणतो जंग, गिऱ्हाईक म्हणतं गंज,
माझी आई डबा घेऊन आली तर म्हणाली, तांबेरा.
गव्हावरचा तांबेरा बोटाला लागतो, पुसला की जातो.
हा आत गेलेला.
हात ठेवावा तिथं पत्राच नाही,
नुस्ता रंग उभा.

मागची डिक्की उघडली,
उघडली म्हणजे हातात आली.

इथं मी बसायचो.
सोळाव्या वर्षी, पेपरच्या गठ्ठ्यांवर,
पुढं शेषेराव डायव्हर, गालात तंबाखू.
अडीचला औरंगाबाद सोडायचं,
वाटूर फाटा, मंठा, जिंतूर, बोरी, झरी.
गाडी थांबायची नाही, हळू व्हायची फक्त.
फेक, म्हणायचा शेषेराव,
आणि मी अंधारात गठ्ठा फेकायचो
बंद दुकानाच्या पायरीचा अंदाज धरून.
एकदा झरीला झोपलेल्या कुत्र्यावर पडला.
तेव्हापासून ते कुत्रं आमचा आवाज आला
की उठून बाजूला बसायचं.
जगात काय झालं ते सगळं माझ्या बुडाखाली असायचं,
शाईचा वास मारत,
आणि वाचायला उजेड नसायचा.

कटर लावायच्या आधी मॅट ओढली.
खाली भोकं, भोकांवर पत्रा, पत्र्यावर डांबर, डांबरात पेपर.
हे माझंच काम, कुठल्याशा पावसाळ्यातलं,
पाणी उडून गठ्ठे भिजायचे म्हणून.
कागद सोलला.
अक्षरं मागं राहिली, उलटी.
खाजाभाईनं रिक्षाचा आरसा आणून धरला.
वृश्चिक: प्रवास टाळावा. जुनी येणी वसूल होतील.
“शेषेराव की रास कोनसी थी?”
मला ठाऊक नाही.
येणी म्हणाल तर
एजन्सीकडं त्याचा सात महिन्यांचा पगार होता,
तो गेला तेव्हाही होता.

गिअरबॉक्स मंठ्याचा एक जण घेऊन गेला.
त्याच्याकडं अशीच एक चालू आहे म्हणे,
लग्नसराईत नवरदेव बसवतो.
मागचं सीट चहावाल्या गंगाधरनं नेलं, गिऱ्हाइकांना टेकायला.
स्टार्टर, एक शाबूत दिवा, पाना न लागताच निघालेला हॉर्न.
बाकीची किलोवर, भट्टीला.
एमआयडीसीकडं रात्री आभाळ तांबडं दिसतं ना,
तिथं.
सळई होऊन कुणाच्या स्लॅबमधे पडेल
ते त्या घरालाही कळणार नाही.

सगळ्यात शेवटी चेसीचा नंबर कापायचा.
तळहाताएवढा तुकडा, आरटीओला द्यावा लागतो,
की बाबा मेली, खरंच मेली.
ब्रशनं घासून घासून आकडे वर आणले.
मधले दोन आलेच नाहीत.

साहेबानं तुकडा रजिस्टरावर ठेवला, मग उचलला.
कागदावर तांबूस ठसा.
त्यानं फुंकर मारली, बोटानं घासलं, अजून पसरला.
“हे दोन कोणते?”
मी आरसा मागणार होतो,
मग गप उभा राहिलो.