धारवाला

पायसांदूत, नदीकडे उतरणाऱ्या गल्लीत
मी पावा वाजवत, सायकल ढकलत येतो
महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी.
पूर्वी दर मंगळवारी यायचो.

देल्फोर बेर्तिनातच्या दुकानात
सहा सुऱ्या, एक सत्तूर, दोन करवती.
त्यातली ती अरुंद सुरी, हाडाभोवती वळणारी,
त्याच्या बापानं घेतली तेव्हा तीन बोटं रुंद होती.
आता करंगळीएवढी.
मधलं पोलाद कुठं गेलं विचाराल, तर
माझ्या चाकानं खाल्लं
एकतीस वर्षं, ठिणगी ठिणगी करून.
पोरीची वह्या-पुस्तकं, माझ्या दोन दाढा,
घराच्या मागच्या खोलीचे पत्रे,
सगळं त्या पात्यातून निघालं.

तेव्हा पहाटे ट्रक यायचा.
देल्फोर पाठ वाकवून उभा राहायचा
आणि अर्धा बैल त्याच्या खांद्यावर उतरायचा.
शंभर किलो, कधी वर.
तो डगमगायचा नाही,
फक्त पावलं छोटी व्हायची.
दारातल्या बायका बाजूला सरायच्या
वरातीला वाट द्यावी तशा.
मग आकडा. मग सुरी,
तिचं टोक सांधा हुडकायचं
अंधारात आपल्याच घरातलं बटण हुडकावं तसं.

आता छोटी व्हॅन येते.
पांढरे खोके, बर्फ,
मांड्यांत मांड्या, छात्यांत छात्या,
कुठल्यातरी शेडमध्ये यंत्रानं
सगळं आधीच उरकलेलं.
विशीतला एक पोरगा हातगाडीवरून उतरवतो,
कानातली गाणी न काढता सही घेतो, जातो.
देल्फोरला खोक्याची पट्टी कापायची असते.
तिला कसलीही सुरी चालते.

शाळेतल्या नेलिदाबाई म्हणतात,
डॉक्टरनं लाल मांस बंद केलंय.
डॉक्टरनं की पेन्शननं, ते तो विचारत नाही,
चार तंगड्या तोलतो, पाचवी टाकतो.
वाल्दिर, जन्मभर कत्तलखान्यात बैल सोललेला,
तोही कोंबडीच मागतो,
हळू आवाजात,
औषधाच्या दुकानात मागावं तसं.

भिंतीवर गाईचा जुना नकाशा आहे,
तुटक रेषांनी जिल्हे पाडलेले,
प्रत्येकाला नाव, प्रत्येकाचा वेगळा स्वयंपाक.
कोंबडीचा नकाशा कुणी लावत नाही.
लावून काय दाखवणार?
चार गावं, एक रस्ता.

गल्ला रिकामा नाही, हेही सांगायला हवं.
खोके दुपारपर्यंत संपतात,
भाडं त्यातूनच निघतं.
नुकसान झालं कुठं, म्हणतो त्याचा मुलगा,
आणि वही पुढं करतो.
हिशेब बरोबर आहे.
फक्त देल्फोरचा उजवा खांदा
डाव्याहून दोन बोटं खाली गेलेला,
तो कुठल्या रकान्यात मांडायचा
ते वहीत सापडत नाही.

या मंगळवारी त्यानं आधी कात्री दिली,
कोंबडीची, स्प्रिंगवाली. ती घासली.
मग, जरा थांबून, अरुंद सुरी.
मी अंगठ्याचं नख लावून पाहिलं.
माझीच गेल्या महिन्याची धार,
जशीच्या तशी.
या सुरीचं वय आता वाढत नाही.
"घास," तो म्हणाला.
मी चाक फिरवलं, पातं जवळ नेलं,
टेकवलं नाही.
एकही ठिणगी उडाली नाही, ते त्यानं पाहिलं.
पैसे पूर्ण दिले.

वर प्लास्टिकच्या पिशवीत दोन तंगड्या.
पूर्वी वर्तमानपत्रात गुंडाळलेली
बरगडीची पट्टी असायची,
कागदावर बातम्यांतून रक्त पाझरत यायचं.

एल्सिरानं लिंबू, लसूण घालून शिजवलं.
पोरगी न बोलता जेवली,
मी ताटलीतला रस पावाच्या तुकड्यानं पुसून घेतला.
चांगलं झालं होतं.
खरंच चांगलं झालं होतं.
पुढच्या महिन्यात देल्फोर विचारेल,
तेव्हा काय सांगायचं
ते अजून ठरवलेलं नाही.