नवा बोर्ड

कुडचड्यात, बाजारामागच्या गल्लीत,
चार स्क्रू काढले. पाचवा कधीचाच नव्हता.
झाकण उचललं तर आधी धूळच दिसली,
खनिजाची, लाल.
ट्रक थांबून वर्षं झाली
तरी चिपांच्या पायांत घट्ट बसलेली.
ब्रश लाल झाला, नखंही.

आंतोन तारवटीने हा हँबुर्गहून आणलेला,
बाबांना विकला: अर्धे रोख, अर्ध्याचे काजू.
रात्री बातम्या संपल्या की टीव्हीला जोडून
बाबा बार्जचे टन मोजत.

जुना बोर्ड कळकलाय, हिरवा.
नवा पोस्टाने आला, हलका, जवळजवळ रिकामा.
पण भोकं त्याच जागी;
कुणी परक्याने कुठेतरी रात्री जागून
मापं घेतली असणार.
पाचाची कळ अजून दोनदा दाबावी लागते.
राहू दे.

कॅसेट किंचाळली, मग गप्प.
पडद्यावर रोमन अक्षरांत 'थांबा',
आणि वाचायच्या आत गेलंसुद्धा.
खाली बेरीज तयार.

तिथे बाबांनी मुद्दाम
शून्यापासून तीन हजारांपर्यंत
उगाचच मोजायला लावलं होतं.
"झटकन उत्तर आलं तर
शेठ विचारेल, मग तुला पगार कशाला?"

नव्या बोर्डाच्या कडेला बारीक खटका आहे,
जुन्या चालीसाठी.
पिनेच्या टोकाने खाली ओढला.
पुन्हा कॅसेट, पुन्हा किंकाळी.

थांबा.

शेजारच्या दुकानातले दामूबाब डोकावले,
"अडकलं गो?"
"ना," म्हटलं,
"मोजतंय."