झोपे, भुसावळ

सावद्याच्या वारक्यांनी यंत्र परत पाठवलं,
एसटीच्या पार्सलात, जुन्या बनियनमध्ये गुंडाळून.
सोबत चिठ्ठी: वर्षभर चालेल म्हणाल्या होत्या, ताई.
अकरा दिवसांत मेलं.

केळीच्या बागेतली थंडी मोजायची, एवढंच त्याचं काम.
पंधरा मिनिटांनी उठायचं, पारा बघायचा,
आकडा धाडायचा, पुन्हा झोपायचं.
झोपायला मीच शिकवलेलं.
आडनाव झोपे.
कॉलेजात सगळ्यांनी हसून घेतलंय, तुम्हीही घ्या.

मीटर लावला. लाल काडी, काळी काडी.
झोपेतही साडेसात मिलिअँपिअर.
प्रोग्राम तीनदा चाळला, ओळ न् ओळ बरोबर,
चिप गाढ झोपलेली
आणि सेल आटतोच आहे.

आप्पा चहाची बशी घेऊन दाराशी.
तेहतीस वर्षं दीपनगरच्या कंट्रोल रूममध्ये,
मेगावॉटच्या खाली कधी बोललेच नाहीत.
"काय करू राह्यली व?"
सांगितलं: मिलि म्हणजे हजारावा भाग,
मायक्रो म्हणजे त्याचाही हजारावा.
हसतील वाटलं. बशी खाली ठेवली त्यांनी.
आमचं केंद्रही स्वतःची वीज स्वतः खायचं, म्हणाले,
पंखे, पंप, कोळशाच्या चक्क्या.
संच बंद पडला तरी खाणं चालू,
मग ती बाहेरून आणायची, उसनी.
"समदं बंद केल्यावर बी कोन खाऊ राह्यलं, ते पाह्य आधी."

मग दिसला.
राळ्याएवढा लाल दिवा, बोर्डाच्या कोपऱ्यात,
रात्रंदिवस सांगत होता, मी चालू आहे, मी चालू आहे.
कुणाला? रात्री दोनला, केळीच्या पानांना?
सोल्डरचं तापलं टोक टेकवलं,
उडाला कुठेतरी. शोधला नाही.

शेजारी रेग्युलेटर,
पाचाचे तीन व्होल्ट करून देणारा दलाल,
व्यवहार होवो न होवो, आपलं कापून घेणारा.
तोही काढला, कमी खाणारा बसवला.
सेन्सरला कायमची वीज कशाला,
उठल्यावर द्यावी, मोजून झालं की काढून घ्यावी.
अधांतरी सोडलेले पाय जमिनीशी बांधले.

आकडा इतका घसरला
की मीटरचा खटका खालच्या घरात न्यावा लागला.
चौदा मायक्रो.
आप्पांनी चष्मा पुसून पुन्हा वाचला.

कॉलनीत असताना त्यांची रातपाळी म्हणजे
दुपारी खिडकीला काळं कापड,
वरण कुकरऐवजी पातेल्यात,
आणि मी सागरगोटे गोधडीवर खेळायचे.
कुल्फीवाला, पोस्टमन, शेजारच्या लग्नाचा बँड,
कशानंही जाग यायची नाही.
फक्त केंद्राची घरघर थांबली
की ती शांतता ऐकून ताडकन उठायचे,
शर्टाची बटणं जिन्यावर लावत.

तेच लिहिलं मी चिपमध्ये.
दर पंधरा मिनिटांनी नाही.
पारा आठाच्या खाली गेला, तरच.

जानेवारीत, तीन वाजून दहा मिनिटांनी,
फोन थरथरला. सात पूर्णांक चार.
सातपुड्याकडून वारं सुटलं असणार.
तिकडे सावद्यात वारक्यांनी मोटर चालू केली,
साडेसात हॉर्सपॉवर,
चौदा मायक्रोच्या एका हाकेवर,
आणि विहिरीचं कोमट पाणी सऱ्यांमधून निघालं.
थ्री फेज त्या आठवड्यात रात्रीची होती, नशीब.

बाहेर आले तर आप्पा अंधारात खुर्चीवर.
निवृत्तीला सहा वर्षं झाली,
शरीर अजून रातपाळीत.
उठला ना तो?
उठला, म्हटलं. झोपलाही.
हां, म्हणाले.
मग खोलीकडे जाता जाता, वळून:
"मीटर बंद केला का व?
त्याच्या बी पोटात सेल असतो."